घरी भारी, बँडमध्ये गायब: ६५०५ वर मेटल रिदम टोन कसा बसवायचा

उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बस. कॉलेजच्या बँडमध्ये आहेस म्हणालास म्हणून अरे-तुरे करतोय.

आधी मला काय कळलंय ते सांगतो. सेकंडहँड पीव्ही ६५०५ हेड (ट्यूब्जवर, म्हणजे काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारा, स्पीकर नसलेला गिटार अ‍ॅम्प) घेतलंस, ४ बाय १२ कॅब (बारा इंची चार स्पीकरची पेटी) आहे, एसजी गिटार ड्रॉप सी मध्ये (सगळ्यात जाड तार सी पर्यंत उतरवून) लावलेली, लीड चॅनलवर प्री (गेन, म्हणजे डिस्टॉर्शन किती ते ठरवणारा नॉब) ८, लो ८, मिड २, हाय ७, रेझोनन्स ८, प्रेझेन्स ७, आणि पोस्ट (आवाजाचा नॉब) एकच्या जरासं वर. घरी एकट्याने वाजवलं की अंगावर काटा येतो, आणि जॅमरूममध्ये ड्रम सुरू झाले की गिटार गायब, मागे नुसती भणभण. दुसऱ्या गिटारवाल्याचा बॉस कटाना (बिनट्यूबचा अ‍ॅम्प) तुझ्या १२० वॅटच्या ट्यूब हेडवर चढून ऐकू येतो. पोस्ट वाढवलं तर बेसवाला ओरडतो की माझं मलाच ऐकू येत नाहीये. आणि शेवटी विचारलंयस की नॉब कितीवर ठेवू, आणि ट्यूब्ज बदलल्या तर फरक पडेल का.

ट्यूब्ज आत्ता बदलू नकोस. अ‍ॅम्पला काही झालेलं नाही. मी स्वतः रिदम वाजवतो आणि लोकांचे अ‍ॅम्प दुरुस्त करतो, त्यात "आवाज बँडमध्ये कापत नाही" म्हणून येणारे जे अ‍ॅम्प असतात त्यातले बहुतेक धडधाकट असतात. तू विचारतोयस की नॉब कितीवर ठेवू, पण खरी भानगड दोन ठिकाणी आहे. एक, तू टोन ठरवलास बेडरूममध्ये, एकट्याने, हळू आवाजात, आणि वाजवतोस भलतीकडेच. दोन, तुला जो खर्जाचा दणका हवाय तो तू डिस्टॉर्शनच्या आधी घालतोयस की नंतर, हे तू बघितलेलंच नाहीस. दुसरा मुद्दा जास्त महत्त्वाचा आहे पण पहिला आधी उरकतो.

एक गोष्ट मान्य करून टाकतो. खाली मी जे आकडे देणार आहे ते सुरुवातीचे आहेत, शेवटचे नाहीत. कॅबमध्ये कुठले स्पीकर आहेत ते तू लिहिलेलं नाहीस, पिकअप कुठले ते नाही, खोली केवढी, ड्रमर किती जोरात मारतो, बेसवाला पिकने वाजवतो का बोटांनी, ह्या प्रत्येकाने एक-दोन आकडे इकडेतिकडे होतातच. कारण समजलं की आकडे तुझे तूच शोधशील.

तर हळू आवाजाचं प्रकरण. आपला कान सगळ्या फ्रिक्वेन्सी सारख्या ऐकत नाही आणि आवाज कमी असला की हा फरक अजून वाढतो, म्हणजे हळू वाजवताना खर्ज आणि अगदी वरचा भाग दोन्ही कमी ऐकू येतात, मधला भाग तेवढा नीट येतो. बेल लॅब्जच्या फ्लेचर आणि मन्सन ह्या दोघांनी १९३३ मध्ये ह्याचे आलेख काढून ठेवलेत, नवीन काही नाही. त्यामुळे घरी पोस्ट एकवर असताना हात आपोआप लो आणि हायकडे जातो, मिड "नाकातला" वाटतो म्हणून खाली येतो, आणि तो टोन त्या आवाजाला खरंच छान लागतो. तोच टोन ड्रमच्या बरोबरीने वाजवला की लो आणि हाय फुगून येतात आणि मधे काहीच उरत नाही. शिवाय घरी बेस आणि किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) नसतात, त्यामुळे तू नकळत त्यांचंही काम गिटारकडून करून घेतोस.

आता हे आकडे बघ. ड्रॉप सी मधली तुझी सगळ्यात खालची तार ६५.४ हर्ट्झ. बेसवाल्याची त्याच्या एक सप्तक खाली, ३२.७. पण बहुतेक बेस अ‍ॅम्पमधून ३२ नीट बाहेर येतच नाही, बेस म्हणून आपण जे ऐकतो ते बरंचसं ६५ ते २५० च्या पट्ट्यातलं असतं, आणि किकचा धक्का साधारण ५० ते १०० मध्ये. तू लो ८ आणि रेझोनन्स ८ करून नेमका त्यांच्याच जागेवर जाऊन बसलायस, म्हणून तो ओरडतो, आणि त्याचं बरोबर आहे. गिटारची स्वतःची जागा, जिथे रिफमधले सूर ओळखू येतात, ती ढोबळमानाने ४०० पासून अडीच हजारपर्यंत, आणि तिथला नॉब तू २ वर ठेवलायस. कटानावाल्याने बहुतेक मिड हलवलाच नसेल, म्हणून तो ऐकू येतो. वॅटचा इथे काही संबंध नाही. कटाना १०० वॅटचा धरला तरी १०० आणि १२० वॅटमध्ये एक डेसिबलसुद्धा फरक नाही, कानाला दुप्पट मोठा वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. ट्यूब हेडला १२० वॅट असतात ते खर्जाचा ठोका पॉवर अ‍ॅम्पने न दबता जावा म्हणून.

मिड शून्यावर नेलेला टोन रेकॉर्डवर छान लागतो असं कोणीतरी म्हणेलच, आणि उदाहरण मेटालिकाच्या १९८८ च्या अल्बमचं देईल. दे. त्या अल्बममध्ये बेस गिटार जवळजवळ ऐकू येत नाही हेही त्याच उदाहरणात येतं. तुझ्या बँडमध्ये बेसवाला हवाय ना?

आता मिडच्या नॉबबद्दल एक गैरसमज. सगळे नॉब ५ वर म्हणजे सपाट, असं नसतं. ६५०५ मध्ये, मार्शलमध्ये, सोल्डानोमध्ये जो टोन स्टॅक (लो-मिड-हायचं सर्किट) आहे तो पॅसिव्ह आहे, म्हणजे तो काही वाढवतच नाही, फक्त कमी-जास्त कापतो, आणि तिन्ही नॉब एकमेकांच्या कामात ढवळाढवळ करतात. त्याच्या रचनेतच मधे घळ आहे, साधारण ५०० ते ८०० हर्ट्झच्या आसपास, आणि मिड ५ वर असतानाही ती असतेच. तिन्ही ५ वर ठेवून तू आधीच स्कूप केलेला (मिड खरवडलेला) टोन ऐकतोयस, मिड २ म्हणजे स्कूपवर अजून स्कूप. म्हणून मिड ६ किंवा ७ बघून दचकायचं नाही. तो आकडा डोळ्याला जास्त वाटतो, कानाला नाही.

आता मुख्य गोष्ट. हाय गेन अ‍ॅम्पमध्ये सिग्नल एकापाठोपाठ एक ट्यूब स्टेजमधून जातो आणि प्रत्येक स्टेज त्याला थोडं थोडं छाटते. गिटारमधून येणाऱ्या सिग्नलमध्ये सगळ्यात दांडगा भाग खर्जाचाच असतो, त्यामुळे सगळ्यात आधी तोच छाटला जातो, आणि तो छाटला जात असताना त्याच्या पाठीवर बसलेले वरचे हार्मोनिक्सही त्याच्याबरोबर चिरडले जातात. वर अजून एक भानगड, दोन सूर एकत्र डिस्टॉर्ट केले की त्यांच्या बेरजेचे आणि वजाबाकीचे नवीन सूर तयार होतात. तुझा पॉवर कॉर्ड घे, सी आणि जी, ६५.४ आणि ९८. वजाबाकी साधारण ३२.७. म्हणजे अ‍ॅम्पने स्वतःहून बेसवाल्याची सगळ्यात खालची तार तयार करून दिली. तुझ्या स्पीकरला तो सूर वाजवता येत नाही पण त्याच्यापायी पुढच्या स्टेजेस गुदमरतात, आणि पाम म्यूटचा (तळहात तारांवर टेकवून मारलेला) जो ठोका झटकन थांबायला हवा तो "भोंऽऽ" करत रेंगाळतो. हाच तो गिचका.

एकदा हा गिचका झाला की पुढच्या कुठल्याही नॉबने तो सुटा होत नाही. ६५०५ मध्ये लो, मिड, हाय हे सगळे नॉब गेन स्टेजेसच्या नंतर येतात. लो कमी केलास तर गिचका बारीक होईल, पण गिचकाच राहील. करपलेल्या आमटीत वरून गूळ घालण्यासारखं आहे ते. खर्ज कापायचा तो डिस्टॉर्शनच्या आधी, आणि वजन हवं असेल तर ते घालायचं नंतर. मेटल रिदमचं जवळजवळ सगळं ह्या एका वाक्यात बसतं आणि कुठला अ‍ॅम्प कसा लावायचा हेही त्यावरूनच ठरतं.

मेसा बूगीच्या मार्क सिरीजमध्ये, म्हणजे मार्क टू सी प्लस वगैरे, उलटी रचना आहे, टोनचे नॉब मुख्य गेनच्या आधी बसतात. म्हणून मार्कवाले बेस नॉब १ किंवा २ वर ठेवतात, बघणारा चकित होतो, आणि मग गेनच्या नंतर येणाऱ्या पाच पट्ट्यांच्या इक्यूवर (एकेक फ्रिक्वेन्सी वर-खाली करायची सोय) ८० हर्ट्झची पट्टी वर ढकलून वजन परत आणतात. आधी कापलं, नंतर घातलं. ड्युअल रेक्टिफायरच्या मॉडर्न मोडमध्ये पॉवर अ‍ॅम्पचा निगेटिव्ह फीडबॅक (आउटपुटचा थोडा भाग परत आत देऊन त्याला ताब्यात ठेवायची सोय) काढून टाकलेला असतो, त्यामुळे स्पीकरवरची पकड सुटते आणि खर्ज मोठा पण सैल होतो, म्हणून त्याच्या इनपुटच्या आधी तर बूस्टचा पेडल लागतोच लागतो. मार्शल २२०३ ला खर्जाचा त्रास कमी आणि गेनचा तुटवडा जास्त, तिथे तोच पेडल दोन्ही कामं करतो.

आणि तो पेडल म्हणजे ट्यूब स्क्रीमर. टीएस-९, टीएस-८०८, मॅक्सन ओडी-८०८, काहीही. बजेट नसेल तर बॉस एसडी-१ घे, बरंचसं तेच काम करतो आणि आपल्याकडे सेकंडहँड सहज मिळतो. लोकांना वाटतं हा गेन वाढवायला लावतात. नाही रे. ह्याच्या क्लिपिंग (सिग्नल छाटणाऱ्या) स्टेजमध्ये ७२० हर्ट्झच्या वरच्या भागालाच खरा गेन मिळतो, त्याखालचा भाग हळूहळू न वाढवता तसाच सोडला जातो. ड्राइव्ह शून्यावर असला तरी वरच्या भागाला साधारण बारापट गेन असतोच. म्हणजे अ‍ॅम्पच्या तोंडाशी जाणाऱ्या सिग्नलमध्ये खर्जाचं प्रमाण खाली आलं, मिड पुढे आला, आणि अ‍ॅम्प आता योग्य गोष्ट छाटायला लागला. ड्राइव्ह शून्य, लेव्हल सातच्या पुढे, टोन मधोमध. लेव्हल पूर्ण केली तरी हरकत नाही, पण मग अ‍ॅम्पचा प्री खाली आण.

६५०५ ला बूस्टची गरजच नाही असं म्हणणारेही आहेत. ई स्टँडर्डमध्ये (नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये), प्री ३-४ वर, घट्ट पिकअप असतील तर ते बरोबरच आहे, मीही कधीकधी तसाच वाजवतो. ड्रॉप सी, छोट्या स्केलची एसजी आणि प्री ८, ह्यात मला नाही पटत.

जाता जाता, हा अ‍ॅम्प मुळात मेटल रिदमसाठी बनलेलाच नव्हता. गिटारवादक एडी व्हॅन हेलनबरोबर पीव्हीने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ५१५० म्हणून काढला, एडी पुढे कंपनी सोडून गेला तेव्हा नाव बदलून ६५०५ झालं, १९६५ ते २००५ ही पीव्हीची चाळीस वर्षं म्हणून. एडीला लीडसाठी मुबलक गेन हवा होता, तो दिला. मेटलवाल्यांनी तो नंतर उचलला आणि अर्ध्यावर आणून वापरला. म्हणून प्रीच्या नॉबवर ५ च्या वर जे आहे ते रिदमवाल्यासाठी नाहीच असं समज. तिथे सिग्नल अजून मोठा होत नाही, फक्त अजून दाबला जातो, पिकचा ठोका मारल्याचा आवाज सपाट होतो आणि गोंगाट वाढतो. ऐकणाऱ्याला "हेवी" वाटतं ते पिकच्या त्या ठोक्यामुळे, तोच गेला की उरते भणभण.

आता जॅमरूममध्ये काय करायचं ते. तासभर लवकर जा, निदान बेसवाल्याला आणि ड्रमरला अर्धा तास आधी बोलव, त्यांना हा कार्यक्रम कंटाळवाणा वाटेल पण फायदा त्यांचाच आहे. हेड चालू करून मिनिटभर थांब, मग स्टँडबाय सोड. बूस्ट चालू, प्री ४, लो ४, मिड ६, हाय ५, प्रेझेन्स ५, रेझोनन्स ४. ड्रमरला नेहमीच्या जोराने एक साधा ठेका धरायला सांग आणि पोस्ट इतपत वाढव की तू त्याच्या बरोबरीला येशील. ह्या अ‍ॅम्पचं पोस्ट एक ते दोनच्या मध्ये एकदम उसळी मारतं तेव्हा केसभर केसभर फिरव.

मग पहिलं काम गेनचं, टोनचं नाही. सगळ्यात खालच्या तारेवर पाम म्यूटचा गॅलप (घोड्याच्या टापांसारखा ठेका) वाजवत राहा आणि प्री हळूहळू खाली आण. एक जागा अशी येते की वाजवायला जड जातं, हात लपायला जागा मिळत नाही, प्रत्येक चूक ऐकू येते. तिथून अगदी थोडं वर ये आणि थांब. एकट्याने ऐकलंस तर गेन कमी वाटेल. बँडमध्ये झांजांचा सगळा वरचा भाग त्यावर चढतो आणि तोच गेन पुरेसा वाटायला लागतो. ह्यावर विश्वास ठेवायला वेळ लागतो, मला माहीत आहे.

गेन झाला की मिड. बेसवाला आणि ड्रमर वाजवत असताना मिड ३ पासून ८ पर्यंत सावकाश फिरव, कोणीतरी दुसऱ्याने फिरवला तर उत्तम, तू नॉबकडे न बघता वाजव. कुठेतरी अशी जागा येते की आवाज न वाढवताही गिटार एकदम पुढे येऊन उभी राहते. ती जागा सापडली की मिडला परत हात लावायचा नाही. त्यानंतर लो, तोही बेस वाजत असतानाच. लो वाढवत ने आणि ज्या क्षणी बेसचे सूर वेगळे कळेनासे होतात तिथून मागे ये. बऱ्याचदा हे ३ आणि ५ च्या मध्ये कुठेतरी येतं. एकट्याने वाजवताना टोन बारीक वाटेल, पण बेसवाला आणि तू एकाच वेळी एकच रिफ मारता तेव्हा ऐकणाऱ्याला तो एकच प्रचंड आवाज वाटतो, आणि मेटल रेकॉर्डवरचा "गिटारचा" खर्ज असतो तो बराचसा बेसचाच असतो.

हाय, प्रेझेन्स आणि रेझोनन्स शेवटी. प्रेझेन्स आणि रेझोनन्स हे टोन स्टॅकचे भाग नाहीत, ते पॉवर अ‍ॅम्पच्या फीडबॅकमध्ये बसतात, प्रेझेन्स वरच्या भागाचा फीडबॅक कमी करतो म्हणून वरचा भाग वाढतो, रेझोनन्स तेच खाली करतो, स्पीकर आणि कॅब जिथे घुमतात तिथे. म्हणजे रेझोनन्स हा तुझा "नंतर घालायचं वजन"वाला नॉब आहे. बूस्टने आधी कापलेलं इथून परत आणायचं, पण बेतानं, ४ ते ६. त्यापुढे खोली घुमायला लागते. हाय आणि प्रेझेन्स दोन्ही वर नेऊ नकोस. वर चरचर होत असेल तर आधी प्रेझेन्स खाली आण, आवाज दबलेला वाटत असेल तर हाय थोडा वर. एका वेळी एकच नॉब, दोन एकदम फिरवले की कशाने काय झालं ते कळत नाही.

पण हे सगळं करताना तू उभा कुठे आहेस? हा प्रश्न लोक विचारतच नाहीत. १ किलोहर्ट्झ आवाजाची तरंगलांबी साधारण ३४ सेंटीमीटर, १२ इंची स्पीकर ३० सेंटीमीटरचा, त्यामुळे ह्याच्या वरचा आवाज स्पीकर चहूकडे न पसरवता टॉर्चसारखा समोर फेकायला लागतो. कॅब जमिनीवर, तू दोन फुटांवर उभा, म्हणजे तो सगळा वरचा भाग तुझ्या गुडघ्यांना जातो आणि कानाला पोचतो तो फक्त खर्ज आणि गढूळपणा. मग तू हाय वाढवतोस, आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला ड्रमरच्या कानात सुया टोचतात. तुझे हाय ७ आणि प्रेझेन्स ७ बहुतेक इथूनच आलेत. कॅब क्रेटवर किंवा भक्कम टेबलावर चढव, नाहीतर मागे कलती कर, आणि टोन ठरवताना स्वतः कानाच्या उंचीवर स्पीकरसमोर बसून ऐक. क्षणभर बोचेल, पण स्टेजवर माइक तेच ऐकणार आहे. कॅब कोपऱ्यात ढकललेली असेल तर बाहेर काढ, दोन भिंती आणि जमीन मिळून खर्ज फुकटात वाढवतात, आपल्याकडच्या जॅमरूम छोट्या असतात तिथे तर हे फार होतं. आणि मोबाइल खोलीच्या मधोमध ठेवून रेकॉर्ड कर. मोबाइलला खर्ज कळत नाही पण गिटार ऐकू येतेय की नाही हे तो बरोब्बर सांगतो.

स्पीकरवर फार लिहीत नाही पण त्यांचा फरक ट्यूब्जपेक्षा कितीतरी मोठा असतो. सेलेस्टियन व्हिंटेज ३० असतील तर दोन-अडीच किलोहर्ट्झच्या आसपास ते स्वतःहूनच पुढे येतात, मेटलमध्ये म्हणूनच चालतात, तिथे मिड ५ सुद्धा पुरेल आणि हाय ४ वर भागेल. मार्शलच्या १९६० कॅबमधले जी१२टी-७५ असतील तर ते स्वतःच मधे दबलेले असतात, तिथे मिड ७ लागू शकतो. पीव्हीचीच जुनी कॅब असेल तर बहुतेक शेफील्ड असतील, तेही चालतात, उगाच बदलू नकोस.

गेटचं (वाजवत नसताना गोंगाट बंद करणारा पेडल) तू विचारलं नाहीस पण बूस्ट लावल्यावर विचारशील. गेट गेनच्या आधी लावला तर तो गिटारचा गोंगाट थांबवतो पण अ‍ॅम्पच्या प्रीची फुसफुस तशीच राहते, लूपमध्ये (अ‍ॅम्पच्या प्री आणि पॉवर भागांमधल्या जोडणीत) लावला तर दोन्ही थांबतात, पण दाबलेल्या सिग्नलवरून कधी बंद व्हायचं ते त्याला नीट कळत नाही. बॉस एनएस-२ चार केबलनी लावता येतो: गिटार त्याच्या इनपुटला, त्याच्या सेंडमधून बूस्ट आणि मग अ‍ॅम्पचं इनपुट, अ‍ॅम्पच्या लूपचा सेंड एनएस-२ च्या रिटर्नला, आणि त्याचा आउटपुट अ‍ॅम्पच्या लूप रिटर्नला. म्हणजे तो ऐकतो स्वच्छ गिटार आणि बंद करतो सगळाच गोंगाट. प्री खाली आणल्यावर मात्र थ्रेशोल्ड (किती आवाजाखाली बंद व्हायचं तो नॉब) परत लाव, नाहीतर लांब धरलेले कॉर्ड मधेच गिळेल.

गिटारबद्दल थोडंसं. एसजीचं स्केल पावणेपंचवीस इंच, त्यावर ड्रॉप सी म्हणजे १०-४६ चा (तारांची जाडी, गेज) सेट लोंबकळणार, पिक मारल्यावर सूर आधी वर जाऊन मग खाली येतो आणि गेनमध्ये तो बेसूर ऐकू येतो. किमान ११-५४, जमलं तर १२-५६, आणि गेज बदललास की इंटोनेशन (वरच्या फ्रेटवरही सूर बरोबर लागावा म्हणून ब्रिजवरची जुळवणी) परत कर. ब्रिज पिकअप तारांना चिकटवून ठेवला असशील तर खालच्या तारेच्या बाजूने थोडा उतरव, स्क्रूच्या दोन-तीन वळशांनी खर्ज सुटसुटीत होतो आणि खर्च शून्य. हाही "आधी कापायचं" ह्यातलाच प्रकार आहे.

रेकॉर्डिंगशी तुलना करत असशील तर हे लक्षात घे की अल्बमवर जी भिंत ऐकू येते ती एक गिटार नसते. तोच रिफ दोनदा किंवा चारदा वेगवेगळा वाजवून डावी-उजवीकडे टाकलेला असतो, खालचा ८०-१०० हर्ट्झपर्यंतचा भाग मिक्समध्ये कापलेला असतो, आणि प्रत्येक ट्रॅकवर गेन तुझ्यापेक्षा कमी असतो. तुझ्या बँडमध्ये दोन गिटार आहेत, तेव्हा कटानावाल्याला शत्रू मानू नकोस, त्याचा मिड जिथे आहे तिथून तुझा थोडा वेगळा ठेव आणि दोघं खोलीच्या दोन बाजूंना उभे राहा.

आता ट्यूब्ज. प्रीमधल्या १२एएक्स७ ट्यूब्ज बदलून टोन "उजळतो" वगैरे जे लिहितात त्यातलं बरंच मनाचं समाधान असतं. एक बदल मात्र मी करून देतो, पहिल्या जागेवर १२एएक्स७ ऐवजी ५७५१. १२एएक्स७ चा अ‍ॅम्प्लिफिकेशन फॅक्टर १००, ५७५१ चा ७०, त्यामुळे प्रीचा नॉब जरा निवांत होतो आणि फुसफुस कमी होते. पण हे नॉब फिरवून झाल्यावर, आधी नाही. पॉवर सेक्शनमध्ये चार ६एल६ आहेत, त्या बदलायच्या तर मॅच केलेला चारांचा सेटच घ्यायचा. ६५०५ मध्ये बायस (पॉवर ट्यूबमधून किती करंट वाहायचा ते) फिरवायला पॉटच नाही, कंपनीने तो थंड बाजूला पक्का करून ठेवलाय, म्हणून "बायस करून देतो" म्हणून कोणी पैसे मागितले तर आत नेमकं काय बदलणार ते आधी विचार. स्वतः उघडू नकोस. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जीव घेण्याइतका व्होल्टेज राहू शकतो.

सेकंडहँड आहे म्हणून अजून एक, मागे लिहिलेला व्होल्टेज बघितलास का? अमेरिकेतून कोणी आणलेला पीस असेल तर तो १२० व्होल्टचा असणार, त्याला चांगल्या क्षमतेचा स्टेपडाउन लागतो, हेडच्या मागे जितके वॅट लिहिलेत त्यापेक्षा बराच मोठा घे. जॅमरूमचं अर्थिंगही तपासून घे. गिटारच्या तारांना हात लावल्यावर हम बदलतो किंवा माइकला ओठ लागल्यावर झटका बसतो तिथे आधी इलेक्ट्रिशियन, मग सराव, आणि हम घालवायला प्लगची अर्थची पिन काढायचा सल्ला देणारे भेटतील त्यांचं ऐकू नकोस.

पुढच्या सरावानंतर स्पीकर कुठले निघाले, मिड कितीवर थांबला आणि बेसवाला काय म्हणाला ते इथेच लिही, त्यावरून पुढचं बोलू. आणि त्याआधी आजच एक काम कर, कॅबच्या मागे किती ओहम लिहिलेत ते बघ आणि हेडच्या मागचा ४-८-१६ चा स्विच त्याच आकड्यावर आहे ना ते तपास. जुन्या मालकाची कॅब वेगळी असेल तर तो स्विच अजून त्याच्याच हिशोबाने असेल. स्पीकर केबल गिटारची नको, जाड स्पीकरचीच हवी, आणि ती लावल्याशिवाय हेड कधीच चालू करायचं नाही.